कंबर, खड्डे आणि तीन चाकांची विजेची गाडी

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "मी केगावच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते. जाऊन-येऊन रोज साधारण २६ किलोमीटर होतात. मणक्याच्या गादीचा त्रास सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली आहे. घरची पेट्रोल कार मिस्टर नेतात. तीन चाकांची, दोन माणसांची, बंद केबिनची इलेक्ट्रिक गाडी पाच लाखांच्या आसपास मिळतेय आणि बुकिंगला दहा हजार भरायचे आहेत. ओळखीतले एकजण तर म्हणतात, ई-रिक्षालाच दारं-काचा बसवून दोन लाखांत तशी गाडी करून देतो. घ्यावी का? आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंग जमेल का?"

ताई, अक्कलकोट रोडवर माझं तीनचाकी गाड्यांचं गॅरेज आहे, २४ वर्षं झाली. आधी पेट्रोल आणि डिझेलच्या रिक्षा, टेम्पो, मग गॅस किटच्या गाड्या, आणि गेली दहाएक वर्षं विजेच्या. माझं घर तीन चाकांवरच उभं राहिलं, त्यामुळे तीन चाकांविषयी मनात आकस असण्याचं कारणच नाही. तरीही आधी सरळ सांगतो: तुमचा रस्ता आणि तुमची कंबर बघता, रोजची एकुलती गाडी म्हणून ही घेऊ नका. दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या रस्त्यासाठी मी कदाचित हो म्हणेन. ते कधी, तेही पुढे लिहितो.

तुम्ही विचारलंय गाडीबद्दल, पण खरा प्रश्न कंबरेचा आहे. स्कूटर का सोडावी लागली? खड्ड्यातला धक्का सीटमधून थेट मणक्यात जातो म्हणून. मग नव्या गाडीची पहिली परीक्षा एवढीच, की तो धक्का कमी होतो का. डोक्यावर छप्पर आलं, ऊन-पाऊस थांबला, हे सगळं त्यानंतर. नेमक्या याच परीक्षेत तीन चाकं कमी पडतात, आणि जाहिरातीच्या फोटोत ते दिसत नाही.

आपल्याकडे रिक्षा नागमोडी का चालते, याचा कधी विचार केलाय? लोक म्हणतात रिक्षावाल्यांना शिस्त नाही. पण कारण चाकांत आहे. चारचाकी गाडीचे रस्त्यावर दोन माग पडतात, डावा आणि उजवा. समोर खड्डा आला की कार चालवणारा तो बरोबर दोन चाकांच्या मधोमध घेतो आणि गाडी वरून निघून जाते. तीनचाकीचे माग तीन. खड्डा मधोमध घ्यायला जावं तर मधलं चाक आत, बाजूला घ्यावं तर कडेचं चाक आत. म्हणून रिक्षावाला पूर्ण खड्डाच टाळायला बघतो आणि सतत डावी-उजवी करत राहतो. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या गाडीत तर ते मधलं चाक मागच्या सीटच्या खाली किंवा जेमतेम मागे असतं. मागे बसणाऱ्याला त्याचा दणका सरळ बसतो आणि पुढच्यालाही तो चुकत नाही, कारण गाडीची लांबीच कमी असते.

त्यात भर चाकाच्या आकाराची. साध्या रिक्षाला ८ इंची रिम असते. या नव्या तीनचाकी कार जरा मोठी चाकं वापरतात, पण गाडी हलकी आणि स्वस्त ठेवायची म्हणून ती कारच्या चाकांपेक्षा बहुधा लहानच राहतात. साधी छोटी पेट्रोल कार १३ इंची रिमवर चालते. चाक जितकं लहान तितकं ते खड्ड्यात खोल उतरतं आणि बाहेर येताना तितकं जास्त आपटतं. विजापूर रोडवर पाइपलाइनसाठी खणून नुसत्या मुरुमाने बुजवलेले आडवे चर तुम्ही रोज ओलांडता. मी गिऱ्हाइकाच्या रिक्षाची ट्रायल मुद्दाम अशाच चरावरून घेतो. शॉकअप गेला असेल तर तिथे लगेच कळतं, आणि शॉकअप नवा असला तरी आठ इंची चाकाचा दणका दातांपर्यंत येतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी तुमच्यासाठी सगळ्यात मोठी ठरेल: सीटची उंची. तीनचाकी कार उलटू नये म्हणून बनवणारे तिचं वजन खाली ठेवतात, आणि मग बऱ्याचदा सीटही जमिनीजवळ जाते. दिसायला छान, स्पोर्टी. पण गादीचा त्रास असलेल्या माणसाला खाली वाकून बसणं आणि तिथून उठणं हाच सगळ्यात अवघड भाग असतो. माझ्या मोठ्या भावाचं मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच्यासाठी गाडी शोधत फिरलो आहे. आम्ही एकच चाचणी लावायचो: दार उघडून दहा वेळा बसायचं आणि उठायचं. बसल्यावर गुडघे कंबरेच्या वर गेले तर ती गाडी बाद. सातव्या-आठव्या वेळेला हात आपोआप छताची कड शोधायला लागला तरी बाद. दोन चांगल्या गाड्या आम्ही याच कारणाने सोडल्या. तुम्ही कुठलीही गाडी बघा, आधी हे करा. जमलं तर तुमच्या फिजिओथेरपिस्टना सीटवर बसलेला बाजूने काढलेला फोटो दाखवा. माझ्यापेक्षा ते नेमकं सांगतील.

आता उलटण्याबद्दल. वहीच्या पानावर तीन ठिपके काढा, त्यांना जोडून त्रिकोण करा. गाडीचं आणि माणसांचं मिळून वजन ज्या बिंदूवर येतं, तो बिंदू वळणावर बाहेरच्या बाजूला सरकतो. तो त्रिकोणाच्या आत आहे तोवर तुम्ही सुरक्षित. चारचाकीला त्रिकोणाऐवजी चौकोन मिळतो, म्हणून सरकायला जागा जास्त. रिक्षाचा त्रिकोण पुढे निमुळता असतो. ब्रेक दाबला की वजन पुढे धावतं, म्हणजे नेमकं निमुळत्या टोकाकडे. म्हणून वळणावर ब्रेक मारला की रिक्षा उलटते, सरळ रस्त्यावर सहसा नाही. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या गाडीत हे उलट होतं: ब्रेक मारताना वजन रुंद बाजूकडे जातं, आणि ते खरंच चांगलं आहे. मुंबईच्या स्ट्रॉम मोटर्सने २०२१ मध्ये बुकिंग सुरू केलेली आर-३ अशीच होती, अमेरिकेतली ऍप्टेराही अशीच. ही रचना आपल्या रिक्षापेक्षा शहाणी आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो. बॅटरी जमिनीलगत बसवली असेल तर आणखी बरं.

पण मागच्या एकट्या चाकाची एक अडचण उरतेच. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, किंवा कडेला वाळू पसरलेली असते, तेव्हा मागचं चाक घसरलं तर सावरायला शेजारी दुसरं चाक नाही. आणि ते पंक्चर झालं तर? कारचं मागचं एक चाक बसलं तर गाडी एका अंगाला कलते, तुम्ही हळूहळू कडेला घेता. इथे मागची अख्खी गाडीच त्या एका चाकावर असते. बहुतेक अशा गाड्यांत स्टेपनीला जागाही नसते. केगावच्या अलीकडे संध्याकाळी सहाला असं झालं तर काय करायचं, याचं उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्या.

यावरून तुमच्या रस्त्यावर येतो. जुळे सोलापूरपासून आसरा चौक, सात रस्ता, एसटी स्टँड, जुना पुणे नाका इथपर्यंत शहर आहे. गर्दी, सिग्नल, तीस-पस्तीसचा वेग. एवढाच रस्ता असता तर माझं उत्तर मवाळ झालं असतं. पण त्यापुढे बाळे आणि केगाव म्हणजे पुण्याचा हायवे. पुणे-सोलापूर-हैदराबाद असा तो राष्ट्रीय महामार्ग ६५. तिथे कंटेनर सत्तरने जातात आणि गाळपाचा हंगाम लागला की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बऱ्याचदा मागे लाल दिवा नसलेले. पाच-सहाशे किलोची गाडी शेजारून कंटेनर गेला की वाऱ्याने हलते. मी रिकामी ई-रिक्षा ट्रायलला बाळ्यापर्यंत नेली आहे, हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. शिवाय ट्रकच्या केबिनमधून डाव्या बाजूची बुटकी गाडी ड्रायव्हरला दिसतच नाही. हिवाळ्यात तुमचं शेवटचं लेक्चर संपेपर्यंत अंधार पडायला लागतो.

इथे नियमांचा एक मुद्दा येतो आणि तो बऱ्याच लोकांना माहीत नसतो. दिसायला कार असली तरी तीन चाकं म्हटल्यावर गाडी कायद्याच्या दृष्टीने 'एल' गटात जाते, म्हणजे दुचाकी-तीनचाकींच्या गटात. कार 'एम-१' गटात असतात. कारसाठी समोरून आणि बाजूने धडकेच्या चाचण्या ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या मॉडेलना बंधनकारक आहेत. ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेलं भारत एनकॅप या धडक-चाचणी योजनेचं स्टार रेटिंगही फक्त 'एम-१' गाड्यांना मिळतं. तीनचाकीला यातलं काही लागू नाही. बनवणाऱ्याने आपणहून एअरबॅग दिली, चांगली चौकट दिली, तर त्याचं कौतुक, पण कायदा त्याला ते करायला लावत नाही. तेव्हा "कारसारखीच सुरक्षित आहे" असं कुणी म्हणालं तर कोणत्या चाचणीत, कोणत्या कागदावर, एवढं विचारा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तीनचाकीला बंदी आहे, तेही लक्षात असू द्या. मुंबईला या गाडीने तुम्ही जाणार नाहीच म्हणा.

आरटीओत एकदा स्वतः जा. एमएच-१३ च्या कार्यालयात गाडीचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे मॉडेलला मिळालेलं मंजुरीचं प्रमाणपत्र, दाखवून विचारा की ही खासगी म्हणून नोंदणार की प्रवासी वाहतुकीची म्हणून. दोन्हींत विमा वेगळा, फिटनेसचे नियम वेगळे, नंबर प्लेटही वेगळी: खासगी विजेच्या गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, व्यावसायिक असेल तर पिवळी. हे बुकिंगच्या आधी कळलं पाहिजे, नंतर नाही.

ई-रिक्षाला दारं-काचा बसवून देणाऱ्यांचा प्रस्ताव मात्र अजिबात स्वीकारू नका. यात मला किंचितही शंका नाही. ई-रिक्षा ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेसाठी बनलेली असते. तिचे ब्रेक, तिचे पाटे, तिची चेसिस सगळं त्या वेगाच्या हिशेबाचं. तिच्यावर लोखंडी चौकट, काचा आणि दारं चढवली की सत्तर-ऐंशी किलो वजन वाढतं आणि तेही वरच्या बाजूला. आठ वर्षांपूर्वी अशी एक गाडी माझ्याकडे ब्रेकच्या कामाला आली होती. अशोक चौकात मी वळण घेतलं, वेग वीसच्या आत होता, आणि आतल्या बाजूचं मागचं चाक उचललं गेलेलं मला सीटवर जाणवलं. क्षणभर मोटरचा आवाज बदलतो, चाक हवेत रिकामं फिरतं. मी मालकाला गाडी परत देताना दारं काढूनच दिली. कायद्यानेही हे चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या रचनेत असे बदल करता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल.

आता अशी गाडी बनवणारे टिकतात का, हा प्रश्न. जगभरात तीनचाकी विजेच्या कारचा इतिहास फार धीर देणारा नाही. कॅनडाच्या इलेक्ट्रामेकॅनिका कंपनीने सोलो नावाची एका माणसाची तीनचाकी कार काढली. चालता चालता गाडीची ताकद अचानक जाते अशा तक्रारी आल्यावर २०२३ मध्ये कंपनीने विकलेल्या सगळ्या ४२९ गाड्या परत विकत घेतल्या. गिऱ्हाइकांचे पैसे परत मिळाले, ही चांगली गोष्ट, पण गाडी संपली. ऍप्टेरा २०११ मध्ये एकदा बंद पडली आणि २०१९ मध्ये नव्याने उभी राहिली. ही माणसं हुशार आहेत, प्रामाणिकही असतील. पण असा धंदा थोड्या गाड्यांवर चालतो, आणि थोड्या गाड्यांवर सुट्या भागांची साखळी उभी राहत नाही.

त्याचा अर्थ आपल्या गावात काय होतो ते सांगतो. एका गिऱ्हाइकाने बाहेरगावच्या एका छोट्या कंपनीची विजेची गाडी घेतली. दीड वर्षाने कंट्रोलर गेला. कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधला मेंदू. तसाच दुसरा बाजारात मिळत होता, आठ-नऊ हजारांना, पण कंपनीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप असल्यामुळे बॅटरी त्याला ओळखच देईना. कंपनीचा फोन आधी उचलला जायचा, मग वाजून बंद व्हायचा, मग लागायचाच बंद झाला. ती गाडी माझ्या गॅरेजमागच्या कडुलिंबाखाली ताडपत्री टाकून सात महिने उभी होती. टायर बसले. बॅटरी मी महिन्यातून एकदा चार्ज करायला बघायचो, तर चार्जरही तिला ओळखेना. शेवटी गिऱ्हाइकाने ती भंगारात दिली. साडेतीन लाखांची गाडी होती आणि तिचं यंत्र काही बिघडलेलं नव्हतं. गेलं होतं ते एक डबडं आणि ते उघडायची चावी.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, विजेची गाडी घेताना रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये ती किती पळते, हे शेवटी विचारा. आधी विचारा की कंट्रोलर, चार्जर आणि बॅटरी पॅक सोलापुरात आज कुणाच्या शेल्फवर आहे. "पुण्याहून दोन दिवसांत येईल" हे उत्तर नाही.

आता पैशांचा हिशेब, कारण त्या पाच लाखांनीच तुम्हाला मोह घातला आहे आणि तो मोह खोटा नाही. वर्षाला साधारण ७,५०० किलोमीटर धरू. पेट्रोलची ऑटोमॅटिक छोटी कार शहरात लिटरला १५ देते, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाला ५२,५०० रुपये. तीनचाकी विजेची गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, शंभर किलोमीटरला ८ युनिट खाईल. घरगुती बिलाच्या वरच्या टप्प्याचा दर इंधन अधिभार आणि वीज शुल्कासह १४ रुपये धरा, वर्षाला ८,४०० झाले. चार चाकांची छोटी विजेची कार १२ युनिट खाईल, तिचे १२,६००.

इथे थोडं थांबा. पेट्रोल सोडून विजेवर गेलात की वर्षाला जवळपास चाळीस हजार वाचतात. पण चौथं चाक काढून टाकल्याने विजेच्या बिलात वाचतात फक्त ४,२००, म्हणजे महिन्याला साडेतीनशे. बचत विजेची आहे, तीन चाकांची नाही. जाहिरातीत दोन्ही एकत्र दाखवतात, म्हणून ते वेगळं करून बघावं लागतं.

किमतीतला फरक मात्र मोठा आहे, तो लपवत नाही. सहा वर्षांचा ढोबळ हिशेब मी असा मांडतो. तीनचाकी: पाच लाख किंमत, वीज ५० हजार, देखभाल ३० हजार, शेवटी विकून ५० हजार आले तर एकूण खर्च ५ लाख ३० हजार. चार लाखांची वापरलेली ऑटोमॅटिक पेट्रोल कार: पेट्रोल ३ लाख १५ हजार, देखभाल ६० हजार, विकून पावणेदोन लाख येतील, एकूण ६ लाख. साडेसात लाखांची नवी छोटी विजेची चारचाकी: वीज ७५ हजार, देखभाल ३० हजार, विकून अडीच लाख, एकूण ६ लाखांच्या थोडं वर. विमा आणि कर्जाचं व्याज मी बाजूला ठेवलंय. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर तीनचाकी तुम्हाला महिन्याला हजार रुपयांनी स्वस्त पडते. त्या हजारात तुम्ही चौथं चाक, धडकेच्या चाचण्या, एअरबॅग, स्टेपनीची किंवा निदान सर्व्हिस सेंटरची सोय आणि विकायला बाजार एवढं सोडून देता. आणि सगळं सुरळीत चाललं नाही, म्हणजे चौथ्या वर्षी कंपनीच राहिली नाही, तर हा हिशेब पूर्ण उलटतो. माझ्या मते तो हजार द्यावा.

तुमचं रोजचं जाणं-येणं २६ ऐवजी ७० किलोमीटर असतं तर पेट्रोल कारला मी इतक्या सहज हो म्हटलं नसतं, सरळ विजेच्या चारचाकीकडे पाठवलं असतं. गाडी जितकी जास्त पळते तितकी वीज लवकर पैसे परत करते. उलट, सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि विजेच्या गाड्यांवर तो ५ टक्केच आहे, त्यामुळे आधी दोघांत जी दरी होती ती आता कमी झाली आहे. कमी पळणाऱ्यांसाठी पेट्रोल पुन्हा विचारात घेण्यासारखं झालं आहे.

सोलापूरच्या उन्हाचं एक सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. दुपारभर कॉलेजच्या पटांगणात उभी राहिलेली, मोठ्या काचेची छोटी केबिन म्हणजे भट्टी होते. एसीशिवाय ती गाडी तुम्ही मेमध्ये चालवूच शकणार नाही. छोटा एसी तासाला जवळपास एक युनिट ओढतो आणि गाडीची बॅटरी सहा युनिटची असेल तर प्रत्येक तासाला सहावा हिस्सा एसीतच गेला. कंपनी सांगते त्या रेंजच्या ६५ ते ७० टक्के धरा, उन्हाळ्यात त्याहून कमी. तुमच्या २६ किलोमीटरला तरीही पुरेल, त्यामुळे रेंजची काळजी करू नका. बॅटरीच्या जातीची करा. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट ही उष्णता जास्त सोसते आणि तिला आगीचा धोका कमी. लेड-ऍसिड असेल तर पुढे बघूच नका, रोजच्या वापरात ती वर्ष-सव्वा वर्षात बसलेली मी शेकडो वेळा पाहिली आहे. २०२२ मध्ये विजेच्या स्कूटर पेटण्याच्या घटना घडल्यावर सरकारने 'एल' गटातल्या गाड्यांच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हा नियम कडक केला. त्या सुधारित नियमाचं प्रमाणपत्र मागा. चारचाकी विजेच्या गाड्यांत बॅटरीला सहसा ८ वर्षांची वॉरंटी असते. तीनचाकीवाले तीन वर्षं म्हणाले तर दोघांतला फरक त्यांनीच सांगितला असं समजा.

मग तीनचाकी कुणाला चालेल? ज्याचं जाणं-येणं शहरातच आहे, समजा होटगी रोडवरून नवी पेठेपर्यंत, वेग चाळीसच्या आत. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे, म्हणजे ही महिनाभर बंद राहिली तरी अडणार नाही. ज्याची कंबर धडधाकट आहे. आणि ज्याच्या गावात त्या कंपनीचा मिस्त्री आणि माल दोन्ही आहे. नवी पेठेतल्या एखाद्या दुकानदाराला, ज्याला अरुंद गल्लीत गाडी लावायची असते आणि पावसात कपड्यांचे गठ्ठे भिजवायचे नसतात, त्याला ही गाडी खरोखर सोयीची आहे. तुम्ही या चारपैकी एकातच बसता, आणि तिथेही दुसरी गाडी मिस्टरांकडे असते.

तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी तिच्यासाठी आधी २०२० नंतरची, शक्य असेल तर २०२२ ची, एकाच मालकाने वापरलेली ऑटोमॅटिक हॅचबॅक शोधली असती. ऑटोमॅटिक यासाठी, की क्लच दाबताना डाव्या पायाचा ताण कंबरेतच जातो. २०२२ यासाठी, की तोवर पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग बंधनकारक झालेल्या होत्या. आणखी एक मार्ग आहे, तोही घरात बोलून बघा: घरची कार तुम्ही न्यायची आणि मिस्टरांसाठी विजेची स्कूटर. त्यांची कंबर चांगली असेल आणि रस्ता शहरातला असेल, तर सव्वा लाखात दोघांचंही काम होतं. मी हे तीन-चार घरांत सुचवलं, दोन घरांत जमलं.

बुकिंगचे दहा हजार अजून भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर परतीची अट त्यांच्याकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवरचं बोलणं धरू नका. आणि तरीही मन त्याच गाडीवर असेल तर किमान हे करा: ट्रायल त्यांच्या शोरूमसमोर नको, तुमच्या रोजच्या रस्त्यावर, कॉलेजच्या वेळेला, मागच्या सीटवर माणूस बसवून, केगावपर्यंत आणि परत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कंबर काय म्हणते ते बघून मग ठरवा.

राहिला चार्जिंगचा प्रश्न, तो गाडी कुठलीही घेतली तरी लागेल. सोसायटीत जमतं. आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या. वायर तुमच्या स्वतःच्या मीटरवरूनच पार्किंगपर्यंत आणा, कॉमन मीटरवरून घेऊ नका, पुढे भांडणं होतात. महावितरणकडे तुमचा मंजूर भार किती आहे ते बिलावर लिहिलेलं असतं. तीन किलोवॅटचा चार्जर लागणार असेल आणि भार कमी असेल तर तो वाढवून घ्या. वायर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची, जास्त भार आला की आपोआप पडणारा स्वतंत्र एमसीबी, शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी आणि अर्थिंग मीटर लावून तपासलेलं. आपल्याकडे जमीन खडकाळ आहे, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं.

प्लग १६ अँपिअरचा, चांगल्या कंपनीचा घ्या. माझ्याकडे येणाऱ्या चार्जरच्या तक्रारींपैकी बऱ्याच चार्जरच्या नसतातच. प्लगची पिन काढून बघितली की तिच्यावर तपकिरी डाग असतो आणि सॉकेटचं प्लॅस्टिक एका बाजूने वितळून चकाकत असतं. नवीन जोडणी झाल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तास चार्जिंग होऊ द्या, मग मेन बंद करून प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला परत बोलवा. आणि दुपारी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, रात्री जेवणं झाल्यावर लावा, तोवर बॅटरी निवलेली असते.